पानाची मांडणी व घराची मांडणी

'मांडणी' हा आपल्या मराठी भाषेंतील एक मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. स्वयंपाकघरांतील ज्या फळ्यांवर आपल्या माता तांबे, डबे, पेले व ताटें ओळीनें लावून ठेवितात, त्या फळ्यांस मांडणी म्हणतात. आणि पुस्तकाच्या पानावर मथळा कोठें यावा, मजकूर कोठें यावा, चित्र केवढें असावें व कोरी जागा किती सोडावी, हें ठरविण्याच्या कामासही मांडणीच म्हणतात. स्वयंपाकघर कोठें आणि छापखाना कोठें! तरीही आपल्या भाषेनें दोहोंस एकच शब्द लाविला आहे, आणि तो उगीच लाविला असें मला वाटत नाहीं. पान वाचनीय व्हावें म्हणून जे नियम पाळावे लागतात, तेच नियम थोड्याशा फेरफारानें खोली राहण्याजोगी करण्यासही उपयोगीं पडतात, हें या लेखांत दाखविण्याचा विचार आहे.

अक्षरें, चित्रें, रेषा व रंग यांची अशी रचना करणें कीं, सांगावयाचें तें पाहणारास चटकन् समजावें आणि पाहतांना डोळ्यांस शीण होऊं नये, या विद्येस आज ग्राफिक डिझाइन म्हणतात. हा विषय मी पुस्तकांत थोडाबहुत वाचला होता. परंतु तो खरा शिकलों तो दोन प्रसंगांनीं. ते प्रथम सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं शाळेचें भित्तिपत्रक काढण्याचें काम मजकडे आलें. मुलांनीं मोठ्या हौसेनें तें सजविलें. कागदाची एक बोटभर जागाही रिकामी ठेविली नाहीं. चारी कोपऱ्यांत फुलें, प्रत्येक ओळ निराळ्या रंगाची, मथळा व मजकूर सारख्याच जाडीचा. पत्रक भिंतीवर लागलें. मुलें येत, क्षणभर पाहत आणि पुढें जात. वाचीत मात्र कोणी नसे. दुसऱ्या महिन्यांत आम्ही मजकूर निम्मा केला, दोनच रंग ठेविले, मथळा मोठा काढिला व भोंवतीं चार बोटें कोरी जागा सोडिली. तेव्हां मुलें थांबून वाचूं लागलीं. मला मोठें समाधान वाटलें, आणि आपणांस ही विद्या आली असा थोडा गर्वही झाला.

त्याच वर्षीं आमचें मातीच्या भिंतींचें व कवेलूंचें जुनें घर पाडून आम्ही सिमेंटचें नवें घर बांधिलें. जमिनीस फिकट रंगाची गुळगुळीत फरशी बसविली, व ओसरीवरून आंत जाण्याच्या पायरीसही तीच. जुन्या घरांत माझी आई सारवण झालें म्हणजे ओट्याचा व उंबऱ्याचा कांठ पांढऱ्या मातीनें रेखून काढीत असे. शेणानें सारवलेल्या काळसर जमिनीवर ती पांढरी रेघ दिवेलागणीसही स्पष्ट दिसे. नव्या घरांत 'आतां सारवण्याची कटकट गेली' असें मी अभिमानानें म्हणालों. पहिल्याच पावसाळ्यांत, एका संध्याकाळीं, आईला ती पायरी दिसली नाहीं. ती पडली आणि तिचें उजवें मनगट मोडलें. तिच्या मंद दृष्टीस आम्ही सर्वांनीं दोष दिला. परंतु रात्रीं विचार करितां माझ्या ध्यानांत आलें कीं, दोष दृष्टीचा नव्हता. पांढऱ्या कागदावर पांढऱ्या शाईनें लिहावें आणि वाचणारास आंधळा म्हणावें, तशी ती गोष्ट होती. ज्या चुकीबद्दल मी मुलांस शाळेंत बोललों होतों, तीच चूक मी स्वतःच्या दारांत करून ठेविली होती.

तेव्हांपासून पानाचे नियम व घराचे नियम मी एकत्र पाहूं लागलों. माझ्यापूर्वीं थोरांनीं ते तसे पाहिलेच होते. इंग्लंडांत विल्यम मॉरिस या कलावंतानें १८६१ सालीं आपल्या मित्रांसह गृहसजावटीच्या वस्तूंचा व्यवसाय काढिला. भिंतीस चिकटविण्याचे कागद, पडद्यांचें कापड व गालिचे यांवर त्यानें काढलेली पानाफुलांची वेलबुट्टी आजही छापली जाते. याच गृहस्थानें १८९१ सालीं केल्मस्कॉट नांवाचा छापखाना घातला, त्याकरितां अक्षरांचीं वळणें स्वतः रेखिलीं व अतिशय सुंदर पुस्तकें छापून काढिलीं. पुढें जर्मनींतील वायमार शहरीं १९१९ सालीं वॉल्टर ग्रोपियस यानें बाउहाउस ही शाळा काढिली. तींत सुतारकाम, विणकाम, भिंतींचें रंगकाम व अक्षरमुद्रण हीं एकाच संस्थेंत शिकविलीं जात. आपल्या मुंबईस सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ सालीं स्थापन झाली. तिच्याच आवारांत चित्रकला, वास्तुविद्या व गृहसजावट यांचें शिक्षण वाढलें, आणि जाहिरातींच्या व मुद्रणाच्या कलेचीही १९६१ सालीं तेथेंच स्वतंत्र संस्था झाली. सारांश, पान व भिंत यांचें नातें जुनें आहे. आतां नियमांकडे वळूं.

१. मुख्य कोणतें व गौण कोणतें

कोणतेंही चांगलें पान उघडलें म्हणजे डोळा प्रथम एका ठिकाणीं जातो, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. मथळा, उपमथळा व मजकूर यांचे आकार निरनिराळे असतात ते याच कारणानें. सर्वच ओळी मोठ्या केल्या तर मथळा कोणताच उरत नाहीं.

आपल्या बैठकीच्या खोलींत शिरतां प्रथम काय दिसतें, हें एकदां पाहा. एका भिंतीवर दूरदर्शनचा संच, त्यावर कागदी फुलें, बाजूस तीन दिनदर्शिका (त्यांतील दोन गेल्या वर्षांच्या), घड्याळ, बक्षिसाच्या ढाली, लग्नांतील छायाचित्र, आजोबांची तसबीर. प्रत्येक वस्तु प्रेमाची आहे, परंतु सर्वजणी एकदम बोलूं लागल्यामुळें एकीचेंही बोलणें ऐकूं येत नाहीं. म्हणून प्रत्येक भिंतीनें एकच मुख्य गोष्ट सांगावी. आजोबांची तसबीर मुख्य ठरविली, तर ती भिंत आजोबांची. ढाली दुसऱ्या भिंतीवर न्याव्या. ज्या भिंतीस खिडकी आहे व तींतून तळें किंवा धानाचें शेत दिसतें, त्या भिंतीस दुसरें चित्र लावूंच नये. खिडकी हेंच तिचें चित्र.

२. कोरी जागा

पानाच्या चारी बाजूंस जी कोरी जागा सोडितात तिला समास म्हणतात. बांधीला जसा धुरा, तसा पानाला समास. आपल्या भंडारा जिल्ह्यांतील शेतकऱ्यास हें समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं. धुऱ्यावर धान पिकत नाहीं, पण धुरा नसेल तर बांधींत पाणी ठरत नाहीं. समासाचेंही तसेंच आहे. त्याच्यावर अक्षर नसतें, पण त्याच्यावांचून पानावर दृष्टि ठरत नाहीं.

मॉरिस यानें समासांचा एक क्रम सांगितला आहे. उघड्या पुस्तकांत पानाचा आंतला समास सर्वांत लहान, वरचा त्याहून मोठा, बाहेरचा त्याहून मोठा व खालचा सर्वांत मोठा असावा. खालची जागा अधिक कां? वस्तु कागदाच्या अगदीं मधोमध ठेविली तर ती डोळ्यांस किंचित् खालीं घसरल्यासारखी वाटते. ती थोडी वर उचलली म्हणजे नीट मध्यावर बसल्यासारखी दिसते. हाच नियम तसबिरीस लावा. चित्राभोंवतीं पुठ्ठ्याची कोरी पट्टी ठेवितांना वर व बाजूंस दोन बोटें ठेविली, तर खालीं अडीच ठेवावी. करून पाहा, फरक लगेच दिसेल.

खोलींतही कोरी जागा ही रिकामी जागा नव्हे. दारापासून खिडकीपर्यंत चालण्याची वाट, मुलांनीं मांडी घालून बसण्याइतका जमिनीचा तुकडा आणि एक तरी संपूर्ण मोकळी भिंत, हे खोलीचे समास होत. लहान घरास तर त्यांची गरज अधिक. मोठ्या वाड्यांत चार वस्तु जास्त झाल्या तरी खपतात. दहा फुटी खोलींत एका कपाटानें श्वास कोंडतो.

३. रेषा, ठिपके व जवळीक

आपल्या बहिणी अंगणांत ठिपक्यांची रांगोळी काढितात. प्रथम मोजून ठिपके, मग रेषा. ठिपके चुकले तर पुढें कितीही सुंदर रंग भरला तरी आकृति वांकडीच. पुस्तकाच्या पानाखालींही असेच न दिसणारे ठिपके व रेषा असतात. त्यांवर मजकुराच्या कडा व चित्रांच्या कडा जुळविलेल्या असतात. आपल्या डोळ्यांस ती जुळणी दिसत नाहीं, पण ती चुकली तर मात्र लगेच खुपते.

घरांत हीच गोष्ट अशी साधतां येते: दाराच्या चौकटीची वरची कड ज्या उंचीवर आहे, ती रेषा मनांत धरावी, खुंट्या, फळी, तसबिरींच्या वरच्या कडा शक्य तितक्या त्या रेषेस जुळवाव्या. खर्च कांहींच नाहीं, खिळे मात्र पुन्हां ठोकावे लागतील.

दुसरा नियम जवळीकीचा. माक्स वेर्टहायमर नांवाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानें १९२३ सालीं एका निबंधांत दाखवून दिलें कीं, जवळ जवळ असलेले ठिपके मनुष्यास एक गट म्हणून दिसतात व दूर असलेले निराळे दिसतात. ही जुळणी आपण बुद्धीनें करीत नाहीं, डोळाच करितो. म्हणून छापील पानावर उपमथळा ज्या परिच्छेदाचा, त्याच्या जवळ छापावा लागतो. आतां आपल्या घरची मांडणी पाहा. भंडाऱ्याची पितळी भांडीं प्रसिद्धच आहेत. तांबे एकत्र, डबे एकत्र, परातीं एकत्र, आणि दोन गटांमध्यें हातभर नव्हे तरी वीतभर अंतर, असें आजी लावीत असे. ती वेर्टहायमर वाचून आली नव्हती. अंधारांतही हवें तें भांडें हातीं यावें, एवढेंच तिला पाहिजे होतें. सुगीनंतर धानाचीं पोतीं घरांत येतात, तींही चार कोपऱ्यांत चार न ठेवितां एकाच भिंतीस एका रेषेंत लावावीं. मग तीं अडगळ दिसत नाहींत, वर्षाची कमाई दिसतात. आणि एका बाजूनें हवा खेळण्यास व उंदरांवर लक्ष ठेवण्यासही तें बरें.

४. रंग व विरोध

रंगाविषयीं दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली प्रमाणाची. खोलींतील रंगांचे दहा भाग कल्पिले तर सहा भाग एक शांत रंग, तीन भाग दुसरा आणि एकच भाग भडक रंग असावा, असा सजावटकारांचा एक ढोबळ नियम आहे. हें कठीण वाटत असेल तर मोहाडी-आंधळगांवकडील कोशाचें लुगडें डोळ्यांसमोर आणा. अंगाचा रंग मधासारखा शांत, पदर त्याहून गडद, आणि कांठाची एक बारीक रेघ ठसठशीत. तो कांठ सर्व अंगभर पसरला असता तर त्याची शोभा उरली नसती. भिंतीही अशाच रंगवाव्या.

दुसरी गोष्ट शेजाराची. फ्रान्समध्यें मिशेल शेव्ह्रल हा रसायनशास्त्रज्ञ पॅरिस येथील गोबलँ या प्रसिद्ध विणकामशाळेंत रंगकामावर देखरेख करीत असे. काळा रंग फिका उतरतो अशी तक्रार त्याजकडे आली. तपास करितां त्यास आढळलें कीं, रंगांत दोष नव्हता. शेजारच्या धाग्यांच्या रंगामुळें तो फिका भासत होता. हा शोध त्यानें १८३९ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. कोणताही रंग एकटा दिसत नाहीं, शेजाऱ्यासह दिसतो. पितळेचा घांसलेला तांब्या पिवळ्या भिंतीपुढें ठेवा, तो निस्तेज दिसेल; तोच नीळ घातलेल्या चुन्याच्या भिंतीपुढें ठेवा, सोन्यासारखा चमकेल. आपल्याकडे पुष्कळ घरांच्या भिंती निळ्या असत, त्यांत पितळेची मांडणी उठून दिसे.

विरोध म्हणजे उजळ व गडद यांतील भेद. अक्षर व कागद यांत तो नसेल तर वाचतां येत नाहीं. पायरी व जमीन यांत तो नसेल तर काय होतें, तें वर सांगितलें आहे. म्हणून पायरीचा कांठ, उंबरा, विजेचें बटण, न्हाणीघराच्या दाराची कडी, म्हणजे ज्या ज्या ठिकाणीं वृद्धांचा हात किंवा पाय पडतो, त्या त्या ठिकाणीं रंगाचा स्पष्ट विरोध ठेवावा. जेथें फक्त विश्रांति हवी, तेथें विरोध कमी असावा.

५. एकता

पुस्तकांत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अक्षराचें वळण एकच असतें. जावजी दादाजी हे लहानपणीं मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत कामास लागले. पुढें १८६४ सालीं त्यांनीं टाइपांचा कारखाना व १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढिला. त्यांच्या ग्रंथांचा लौकिक झाला, तो अक्षरांच्या सुबक व एकसारख्या वळणामुळें. घरांतही एखादी गोष्ट पुन्हां पुन्हां आली म्हणजे खोल्या एका कुटुंबांतल्या वाटतात. सर्व दारें एकाच रंगाचीं, सर्व पडदे जुन्या लुगड्यांचे पण एकाच पद्धतीनें शिवलेले, एवढ्यानेंही पुष्कळ साधतें.

भेद कोठें आहे

येथपर्यंत साम्य सांगितलें. परंतु जो साम्यच पाहील तो फसेल. पान हें एका जागीं बसून, समोरून पाहिलें जातें. खोलींत मनुष्य चालतो, वळतो, बसतो, निजतो. म्हणून खोलीची मांडणी एकाच जागेवरून ठरवूं नये. चित्राचा मध्य उभ्या मनुष्याच्या डोळ्यांसमोर, सुमारें पांच फुटांवर असावा, असें शहरांतील पुस्तकें सांगतात. तीं खुर्चीवर बसणाऱ्या व उभ्यानें फिरणाऱ्या लोकांसाठीं लिहिलेलीं आहेत. ज्या घरांत माणसें चटईवर बसतात, त्या घरांत तसबीर फूटभर खालीं आणावी. नाहीं तर पाहणाऱ्यांची मान दुखेल.

पानावरचा प्रकाश वाचक आपल्या सोयीनें घेतो. खोलींतला प्रकाश सकाळीं एक, संध्याकाळीं दुसरा असतो. पावसाळ्यांत आभाळ भरलें म्हणजे जी खोली अंधारी होते, तिला गडद रंग देणें म्हणजे दिवसा दिवा लावणें होय. आणि तिसरा भेद सर्वांत मोठा. पान छापून झालें म्हणजे संपलें. घर कधींच संपत नाहीं. त्यांत मूल जन्मतें, म्हातारपण येतें, सुगी येते, पाहुणे येतात. म्हणून घराच्या मांडणींत उद्यांसाठीं थोडी जागा नेहमीं सोडावी.

अभ्यास

सुटींत पुढील चार गोष्टी कराव्या.

(१) चौकटींच्या वहींत एक चौकोन म्हणजे एक फूट असें प्रमाण घेऊन आपल्या खोलीचा नकाशा काढा. दारें, खिडक्या व चालण्याची वाट दाखवा. वाटेंत येणाऱ्या वस्तूंवर फुली मारा.

(२) घरच्यांची परवानगी घेऊन एका भिंतीवरील सर्व वस्तु उतरवा. एक दिवस भिंत तशीच राहूं द्या. दुसऱ्या दिवशीं तीनच वस्तु परत लावा व त्या तीनच कां, हें चार ओळींत लिहा.

(३) दिवेलागणीस दारांत उभे राहून डोळे अर्धवट मिटा व खोलीकडे पाहा. बारीक गोष्टी पुसट होऊन मोठे उजळ-गडद आकार तेवढे उरतील. पायरी त्यांत दिसते कां?

(४) घरांतील सर्वांत वृद्ध मनुष्य जेथें बसतें तेथें दहा मिनिटें बसा. तेथून काय दिसतें व काय हातास लागतें, तें पाहा.

पालकांस एक विनंती

आमच्या वर्गांतील एक मुलगा सोबत्यांस कधीं घरीं नेत नसे. 'आमचें घर दाखविण्यासारखें नाहीं, गुरुजी,' असें तो एकदां मला म्हणाला. हा पाठ झाल्यावर त्यानें व त्याच्या बहिणीनें आपल्या दोन खोल्यांपैकीं एका खोलीचा खिडकीजवळचा कोपरा मोकळा केला. तेवढ्या भिंतीस चुना दिला, एक फळी ठोकिली, तीवर पुस्तकें उंचीप्रमाणें लाविलीं, खालीं चटई अंथरली. चुना सोडला तर खर्च नव्हता. मग एके दिवशीं त्यानें मला व दोघां सोबत्यांस चहास बोलाविलें. घर पूर्वीं होतें तेवढेंच होतें. मुलगा मात्र दारांत ताठ उभा होता. तेव्हां पालकहो, घर लहान असो वा मोठें, आपल्या मुलास एक कोपरा द्या, व तो त्याच्या मनाप्रमाणें मांडूं द्या. पहिल्यानें तो चुकेल. भित्तिपत्रकाचेंही पहिलें पान चुकलेंच होतें.

आमच्या पायरीचें काय झालें, हेंही सांगून लेख पुरा करितों. मनगट बरें झाल्यावर आईनें मला बाजारांतून थोडा गेरू आणावयास सांगितला. मी तिला म्हणालों, 'तूं बस, मी रंगाची टिकाऊ पट्टी मारतों.' तिनें ऐकलें नाहीं. फिकट पायरीच्या कडेवर तिनें स्वतःच्या हातानें गेरूची दोन बोटें रुंद रेघ ओढिली. ती रेघ पुसट होते, आणि दर सणास आई ती पुन्हां ओढिते.